तारे मुंबईत, चटणी कोल्हापुरात

कोल्हापूरला मी अंबाबाईच्या दर्शनाला गेले नव्हते आणि रंकाळ्यावर हवा खायलाही नाही. मी भांडायला गेले होते. कुणाशी भांडायचं ते जाताना पक्कं ठाऊक होतं. येताना ते तेवढं पक्कं राहिलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. जे अजून तिकडे गेले नाहीत त्यांनी वाचावं, आणि गेल्यावर मी केलं ते करू नये.

आधी भांडण सांगते. कोल्हापुरात एक जुना स्टुडिओ आहे. तिथल्या मालकाने ठरवलं की शूटिंगच्या मोठ्या दालनात आता गुळाचं गोदाम करायचं. सुतार, रंगारी, दिवेवाले यांनी घरी बसायचं. मुंबईत आमची एक कृती समिती आहे. म्हणजे आठ माणसं, एक सायक्लोस्टाइल यंत्र आणि अण्णा. अण्णा छापखान्यातून निवृत्त झालेले कंपोझिटर. पत्रक कसं लिहायचं ते मला त्यांनी शिकवलं. ते म्हणतात, पत्रकात तीन गोष्टी पाहिजेत: नाव, ठिकाण, वेळ. बाकी सगळा पाला.

त्या शिकवणीवर मी पत्रक काढलं: 'तारे मुंबईत, अंधार कोल्हापुरात'. ज्यांनी पहिला रंग कोल्हापुरात चेहऱ्याला लावला, इथल्या खाणावळींत उधारीवर जेवले, त्यांनी नाव होताच मुंबईत समुद्राकडे तोंड करून फ्लॅट घेतले. तारे गेले, म्हणून काम गेलं, म्हणून गूळ आला. असा सरळ हिशोब. पाठ न फिरवणारी एकच नटी होती, ती म्हणजे इंदुप्रभा. एवढी नावाजलेली बाई अजून कोल्हापुरातल्या एका बोळात राहते. तेव्हा समितीने ठरवलं की शुक्रवारी स्टुडिओच्या आवारात सभा घ्यायची आणि इंदुप्रभाबाईंनी व्यासपीठावरून मुंबईकर ताऱ्यांना नावानिशी जाब विचारायचा. त्या आल्या तर वर्तमानपत्रवाले येणार. नाही आल्या तर आम्ही, कामगार आणि आवारातली कुत्री. त्यांना आणायची कामगिरी माझ्यावर होती. मी निघाले तो सोमवार होता.

गणपतमामांच्या घरी

एसटीचा प्रवास सांगत नाही. ज्यांनी केलाय त्यांच्या कंबरेला तो पाठ आहे.

स्टँडवर गणपतमामा न्यायला आले होते. स्टुडिओतले सेटचे सुतार. तीस वर्षांत त्यांनी किती राजवाडे आणि किती तुरुंग उभे केले त्याला गणती नाही, आणि दोन्हीला फळ्या त्याच, असं ते सांगतात. माझ्या हातातलं पत्रक त्यांनी तिथेच उभ्याने मोठ्याने वाचायला घेतलं. चार माणसं जमली. वाचून झाल्यावर मामांनी घडी घालून ते टोपीत ठेवलं.

"लिवलंय झ्याक," ते म्हणाले, "पन खरं न्हाय."

काय खरं नाही, मी तिथेच विचारलं. ते म्हणाले, उपाशी मानसाशी वाद घालत न्हाय मी, चला जेवाय.

आमच्याकडे मुंबईत पाहुणा आला की पहिला प्रश्न असतो, परतीचं तिकीट काढलंय ना. इथे पारूमामींनी विचारलं, किती भाकरी. मी दोन म्हणाले. त्या मामांकडे वळून म्हणाल्या, ही आजारी हाय काय? ताटाशेजारी दोन वाट्या आल्या, एक लाल, एक पांढरी. लालचं रूप बघूनच मी दचकले. पांढरी मला ओळखीची वाटली. आम्ही मूळचे कोकणातले, जेवणाशेजारी पांढरट पातळ दिसलं की आमच्या हिशोबी ती सोलकढी. मी वाटी उचलून घटाघटा प्याले. तो चुलीवरून नुकताच उतरलेला मटणाचा रस्सा होता. जिभेपासून पोटापर्यंत नेमकी वाट कुठून जाते ते मला त्या दिवशी कळलं. मामी इतक्या हसल्या की त्यांना भाकरी थापता येईना.

मग मामांनी वाद घातला. तो फार मोठा नव्हता. "पोट भराय मुंबई," ते म्हणाले, "जेवाय कोल्हापूर. ज्येला पोट भरायचंय त्यो तिकडं गेला. ह्यात गद्दारी कुटली?" मी म्हणाले, मग तुमचं काम जातंय त्याचं काय? ते भाकरी मोडत राहिले. म्हणाले, त्याला मालक हाय की. मालकावर पत्रक काढ. नट्यांवर कशाला?

मला हे पटलं नाही. मालकावर पत्रकं काढून झाली होती आणि मालक ती पुड्या बांधायला वापरत होता.

स्टुडिओ

मंगळवारी सकाळी स्टुडिओत गेले. दालनात अर्धा हत्ती उभा होता. पुढून सोंड, सुळे, झूल, आणि मागे नुसत्या कामट्या. प्लास्टरचं एक देऊळ होतं, त्याच्या गाभाऱ्यात रंगाचे डबे. कोपऱ्यात मालकाने नमुन्याला आणून ठेवलेली गुळाची एक ढेप, आणि तिच्यावर मुंग्या. मुंग्यांचा ताबा आधीच सुरू झाला होता.

तारे मुंबईत का राहतात, हा प्रश्न मी भेटेल त्याला विचारला. वही उघडूनच बसले होते. चहावाला म्हणाला, तितं फोन वाजतोय. हितं वाजला तर शेजाऱ्याचा. एका जुन्या रंगाऱ्याने सांगितलं की त्यांच्या गल्लीतल्या एका नटाने मोठी माडी बांधली, पण रोज सकाळी खालून लोक हाक मारायचे, "ए बापू, खाली ये, म्हैस सुटलीया." शेवटी तो मुंबईला गेला. तिथे म्हणे दारावर माणूस असतो, बापूला बापू म्हणणारा आत सोडत नाही. मेकअपमन जरा खालच्या आवाजात बोलला: "ताई, मोठं झालं की जुनी वळख टोचाय लागती. मुंबईला जुनी वळखच न्हाय कुनाला कुनाची."

सगळं उतरवून घेतलं आणि चिडले. मला पाठ फिरवणारे हवे होते. हे सगळे त्यांची वकिली करत होते, आणि नोकऱ्या ह्यांच्याच जाणार होत्या. त्या रागातच मी दुपारी इंदुप्रभाबाईंच्या दारात उभी राहिले.

दार उघडंच होतं. त्या सोप्यात जमिनीवर बसून वाळल्या मिरच्यांचे देठ काढत होत्या. पडद्यावर हातभर मोठे पाहिलेले डोळे एकदा वर झाले, पुन्हा मिरच्यांवर गेले. बस म्हणाल्या, आणि एक ढीग माझ्याकडे सरकवला. बोलता बोलता हात चालवायचे, असा तिथला रिवाज दिसला. मी देठ मोडत मोडत स्टुडिओ, गूळ, अंधार, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. बोलण्याच्या भरात मी डोळा चोळला.

पुढची पंधरा मिनिटं माझी काही बाजू मांडायची स्थिती नव्हती. बाईंनी मला न्हाणीत नेऊन गार पाण्याने डोळे धुतले, दुधाचा बोळा ठेवला, आणि तशी आंधळी बसलेली असताना माझ्या पिशवीतून निवेदन काढून वाचलं. त्यांनी जाब विचारायचा म्हणून मीच लिहून आणलेलं.

"अक्षर चांगलं हाय," त्यांचा आवाज आला. "मी येत न्हाय."

का, म्हणून विचारलं, तर त्या डोळ्यावरचा बोळा बदलायला लागल्या. मग तुम्ही मुंबई सोडून इथे का राहता, ते तरी सांगा म्हणाले. पाण्यासाठी, त्या म्हणाल्या, हितलं पाणी मानवतं. हे उत्तर खोटं होतं हे मला एका डोळ्याने सुद्धा दिसत होतं. इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषांसारखं 'मी येतो, मी जातो' म्हणतात. पडद्यावर नाजूक पुस्तकी मराठी बोलणाऱ्या बाईच्या तोंडून "चल, मी आता भाकरी टाकतो" ऐकलं आणि मुलाखत संपली हे कळलं.

डंक

बुधवारी पारूमामी मला डंकावर घेऊन गेल्या. डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. खाली उखळं, वर लोखंडी मुसळं, पट्टा फिरला की ती धपाधप वरखाली होतात. उन्हाळ्यात कोल्हापुरातलं प्रत्येक घर वर्षाची चटणी करून ठेवतं. चटणी म्हणजे आमच्यासारखी ताटाच्या डाव्या बाजूची नव्हे. मिरची, खोबरं, तीळ, मसाला, तळलेला कांदा, लसूण, सगळं एकत्र कांडलेलं तिखट. वर्षभर प्रत्येक कालवणात तेच. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि आपलंच बरोबर असं प्रत्येक घराचं मत.

दारापासून आतपर्यंत डब्यांची रांग होती. डबा ठेवला की नंबर लागला. माणूस घरी जाऊन स्वयंपाक करून आला तरी चालतं, डब्याला कुणी हात लावत नाही. आमच्या रेशनच्या रांगेत पायाशी ठेवलेली पिशवी नजर वळली की मागे जाते. इथे प्रत्येक डब्यावर नाव कोरलेलं आणि तो डबा म्हणजे साक्षात ते माणूस. पुढे उखळाशी बायका बसलेल्या, सगळ्यांनी पदर नाकातोंडावरून घट्ट बांधलेले, डोळे तेवढे उघडे आणि तेही गळणारे. मी आत पाऊल टाकलं आणि शिंकायला लागले. मामींनी माझंही तोंड बांधलं.

डंकाची मालकीण हौसाबाई. तिने पदर बांधलेला नव्हता. तिला आता काही होत नाही म्हणे. ती एका बाईच्या पाटीतल्या मिरच्या हातात घेऊन ओरडत होती, "करपवलीस की गं. ध्यान कुटं असतंय? असली काळी मिरची माझ्या उखळात घालू? हो मागं, निवडून आन." ती बाई मुकाट्याने पाटी घेऊन मागे आली आणि आमच्या शेजारी बसून करपलेल्या मिरच्या वेचायला लागली. तिने मान वर केली. पदराच्या वरचे डोळे इंदुप्रभाबाईंचे होते.

मी नमस्काराला हात जोडणार, तोच मामींनी मला दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस निळं होतं. गप, त्या पुटपुटल्या. तोंड बांधलं की वळख न्हाय.

मग मी बसून बघितलं. तिथे पंधरावीस बायका होत्या आणि शेजारी कोण आहे हे प्रत्येकीला ठाऊक होतं. एकीनेही बघितलं नाही. एकीने इंदुप्रभाबाईंकडे चाळण मागितली. दुसरीने त्यांना सांगितलं, इंदाक्का, पाय काढ, मला जायचंय. पुन्हा नंबर लागला तेव्हा हौसाबाईने मिरची तपासली आणि आता बरी हाय म्हणून आत घेतली. निघताना इंदाक्का हौसाबाईला म्हणाल्या, आजऱ्याच्या लेकीची चटणी उद्या सकाळी आणतो. आण, हौसाबाई म्हणाली, पर भाजताना चुलीम्होरंच बस.

मी बाहेर पडले ती जवळजवळ पळतच. मला उत्तर सापडलं होतं. पाण्यासाठी काय, फोनसाठी काय. ही बाई रांगेत बसते, मागे हो म्हटलं की मागे होते. मुंबईच्या ताऱ्यांच्या तोंडावर फेकायला ह्याच्याहून चांगली गोष्ट मला जन्मात मिळाली नसती. आणि त्यांनी सभेला यायची गरजच काय, मी मनाशी म्हणाले. गोष्टच पुरे.

गणपतमामा आदल्या दिवशीच पन्हाळ्यावर एका शूटिंगचा मांडव ठोकायला गेले होते. असते तरी मी विचारलं नसतं. पत्रक विचारून लिहायचं नसतं, असंच मी शिकले होते. स्टुडिओजवळच्या एका छोट्या छापखान्यात बसून लिहिलं: 'मुंबईकर ताऱ्यांनो, इंदुप्रभा रांगेत बसते. तुम्ही कधी बसलात?' खाली सगळं सविस्तर, करपलेल्या मिरचीसकट. आणि अण्णांच्या शिस्तीप्रमाणे नाव, ठिकाण, वेळ. कुणाला खोटं वाटत असेल तर गुरुवारी सकाळी अमुक पेठेतल्या अमुक डंकावर येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. संध्याकाळपर्यंत मी ती पत्रकं महाद्वार रोडवर, स्टँडवर, कॉलेजच्या फाटकाशी वाटून मोकळी झाले. रात्री तीन भाकरी खाल्ल्या.

गुरुवार

लोक स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आले.

मी पोचले तेव्हा डंकाच्या दारात सायकली एकावर एक पडलेल्या. कॉलेजातली पोरं, पानवाले, सुट्टीवर आलेले दोन फौजी, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक फोटोवाला. काहींच्या हातात माझं पत्रक. बायकांना आत शिरता येईना. पोरांनी रांगेतले डबे उचलून नावं वाचायला सुरुवात केली होती. एकाने इंदाक्कांचा डबा डोक्यावर धरला आणि फोटोवाल्याला हाक मारली. डब्यांची रांग मोडली. कुणाचा नंबर कितवा, काही राहिलं नाही.

इंदाक्का आत उखळाशी बसलेल्या होत्या. पहाटेच आल्या असाव्यात. मिरची कांडून झाली होती, कांदा-लसूण नुकता घातलेला. मुसळं चालू होती. दारातून एकजण म्हणाला, आक्का, तेवढा पदर काढा की. दुसरा म्हणाला, त्या पिक्चरात रडलासा तसं एकदा रडून दाखवा. त्यावर कुणीतरी म्हणालं, आरं, रडायलीच हाय की, बघ. सगळे हसले. मिरचीने त्यांचे डोळे वाहत होते, इतर सगळ्या बायकांसारखेच. पण इतर बायकांकडे कुणी बघत नव्हतं.

हौसाबाईने पट्टा बंद केला. त्या एकाएकी झालेल्या शांततेत इंदाक्का उठल्या, पदर तसाच बांधलेला, आणि मागच्या दाराने हौसाबाईच्या घरात आणि तिथून बोळात गेल्या. फोटोवाला धावला, पण मागच्या दारात हौसाबाईची म्हैस बांधलेली होती आणि ती अनोळखी माणसाला वाट देत नाही.

बघायला काही उरलं नाही तशी गर्दी पांगली. हौसाबाईने जमिनीवरचं एक पत्रक उचललं, एका बाईकडून वाचून घेतलं. सगळं ऐकलं. मग विचारलं, ह्ये कुनी लिवलं?

मी लिहिलं म्हणून सांगितलं. मारेल अशी माझी खात्री होती आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"कांदा पडलाय त्यात," ती म्हणाली. "आज न्हाय कांडलं तर उद्या आंबतंय. लेकीची वर्साची चटणी हाय ती. बस हितं."

मी पदर बांधला आणि इंदाक्कांच्या जागेवर बसले. मुसळं पुन्हा सुरू झाली. उखळात हाताने चटणी खालीवर करायची असते, मुसळ वर गेलं की हात आत, खाली यायच्या आत हात बाहेर. हौसाबाई माझ्यामागे उभी राहून 'आता, आता' म्हणत होती. माझे हात कोपरापर्यंत पेटले. डोळ्यांतून, नाकातून, सगळीकडून पाणी. बाकीच्या बायका आपले डबे पुन्हा लावत होत्या. कुणाच्या मागे कोण होतं ते आठवून आठवून, न भांडता. माझ्याशी एक अक्षर कुणी बोललं नाही. शिव्या मला सोसल्या असत्या. आमच्या कामात त्या जेवणासारख्या मिळतात.

दुपारी डबा डोक्यावर घेऊन मी त्या बोळात गेले. या वेळी दार लावलेलं होतं. वाजवल्यावर उघडलं. इंदाक्कांनी डबा उतरवून घेतला, झाकण काढलं, चिमूटभर जिभेवर ठेवली.

"मीठ बराबर हाय. लसूण जरा जाडा ऱ्हायलाय."

मी म्हणाले, मी दुसरं पत्रक काढते, जाहीर माफी मागते. त्या हसल्या. म्हणाल्या, त्यातबी माझंच नाव घालशील. मग त्यांनी मला बसायला सांगितलं आणि उभ्यानेच बोलल्या. हे मी शब्दशः लिहिते, कारण चार दिवस ज्या उत्तरासाठी मी गावभर वही घेऊन फिरले ते हे होतं, आणि ते मला उशिरा मिळालं.

"मुंबईत माझी जागा हाय. काम आलं की जातो मी, म्हैनाम्हैना ऱ्हातो. तितं मला कुटंच नंबर लावाय लागत न्हाय. दुकानात गेलो की पुढं या, दवाखान्यात गेलो की पुढं या. चार दिस बरं वाटतंय. मग वाटाय लागतंय, मी मेलो तर मसनातबी ह्ये म्हनतील, बाई, पुढं या. हितं हौसा मला म्हंती, मिरची करपवलीस, मागं हो. तेवढ्यासाठी मी हितं ऱ्हातो. आनि तू नेमकं त्येच छापलंस."

तरीही मी विचारलं, उद्याच्या सभेचं काय. मी तशीच आहे, त्याला इलाज नाही. बाहेर तीस वर्षं फळ्या ठोकणारी माणसं घरी बसणार होती, तेही खोटं नव्हतं.

त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. म्हणाल्या, गणपाचं काम जातंय हे मला तुझ्याआधी ठावं हाय. त्यो आजवर एकदाबी मला म्हनला न्हाय, आक्का, स्टेजवर बस. का म्हनला न्हाय, त्ये त्याला इचार.

विचारायची गरज नव्हती. संध्याकाळी मामा पन्हाळ्याहून परतले, तेव्हा बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. त्यांनी टोपीतून माझं पहिलं पत्रक काढलं, चुलीत घातलं, आणि हात धुवून जेवायला बसले. एवढंच. रात्रभर मी कूस बदलत होते. हातांची आग तर होतीच.

सभा

शुक्रवारी दुपारी स्टुडिओच्या आवारात सभा झाली. मामांनी आणि इतर सुतारांनी अर्धा हत्ती बाहेर आणून व्यासपीठाच्या शेजारी उभा केला होता. वर्तमानपत्रवाले दोघे आले होते, परवाच्या पत्रकाचा वास लागून. पहिलाच प्रश्न: इंदुप्रभा कधी येणार? मी सांगितलं, येणार नाहीत. ते पत्रक चूक होतं, माझी चूक होती, आणि त्याबद्दल एक अक्षर छापू नका. एकाने वही मिटली आणि निघून गेला. दुसरा चहासाठी थांबला.

मी बोलायला उभी राहिले. समोर कामगार, आणि एका अंगाला पारूमामी आणि कामगारांच्या घरच्या बायका. सभा सुरू होता होता आणखी बायका आल्या. बऱ्याच. मला काही ओळखीच्या वाटल्या. त्यातली एक हौसाबाई होती, म्हणजे डंक बंद ठेवून सगळ्या आल्या होत्या. आवारात धूळ उडत होती. येऊन बसल्या आणि एकेकीने पदर नाकातोंडावरून घट्ट बांधून घेतला. एका ओळीत वीसपंचवीस बांधलेली तोंडं.

मी त्या ओळीकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. कोण आलं, कोण नाही, मला माहीत नाही. मी भाषणभर हत्तीकडे बघून बोलले. तारे कुठे राहतात याबद्दल एक शब्द बोलले नाही. मालकाबद्दल बोलले, गुळाबद्दल बोलले, ह्या आवारातला प्रत्येक राजवाडा ज्यांनी उभा केला त्यांच्याबद्दल बोलले. चांगलं झालं नाही भाषण. घोषणा देताना माझा आवाज फुटला. पण घोषणेला उत्तर आलं ते आधी बायकांच्या बाजूने आलं. पदराआडून, सगळ्यांचा मिळून एक आवाज. चहासाठी थांबलेल्याने वही उघडली.

उठताना मामा माझ्या जवळून गेले आणि म्हणाले, आता खरं बोललीस. पन लिवायला तू बरी हाईस.

परत

मुंबईत आल्यावर अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, नियम बरोबरच आहे, पत्रकात नाव, ठिकाण, वेळ पाहिजेच. मी म्हणाले, हो, पण कुणाचं, ते नियमात नाही. तेव्हापासून आमच्यात जरा तणातणी आहे.

स्टुडिओचं अजून काही ठरलेलं नाही. गूळ आलेला नाही, काम पण आलेलं नाही. मालक वाट बघतोय आणि आम्ही पण. मला रोज वाटतं की तिकडे जावं, काहीतरी करावं, आणि रोज इथे बसून पत्रकांच्या पाकिटांवर पत्ते लिहिते.

निघताना मामींनी बरणीभर चटणी दिली. इकडे शेजारणीने चव घेऊन विचारलं, कुणाच्या हातची? मी म्हणाले, कोल्हापूरची. नाव विचारलं, ते सांगितलं नाही.

तुम्हालाही सांगितलेलं नाही. वरच्या मजकुरात इंदुप्रभा हे नाव खरं नाही, इंदाक्काही नाही. लेक आजऱ्याला नाही, हौसाबाई हौसाबाई नाही, म्हशीचा रंग मुद्दामच लिहिला नाही. पत्रकाच्या शिस्तीत हे बसत नाही, ठाऊक आहे. उन्हाळ्यात कोल्हापूरला गेलात तर दिसेल त्या डंकावर डबा ठेवा आणि बसा. शेजारी पदर बांधलेली कुणी बसली असेल आणि तिचे डोळे पाहिल्यासारखे वाटले, तर तिच्याकडे चाळण मागा.